दिंडी दरवाजाचं टेबल

आज एका नव्या कॅफेत गेले. टेबल म्हणून काय, तर वाड्याच्या मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा आडवा टाकलेला! वर काच, आणि कोयंड्याच्या भोकात कुणीतरी टिश्यू कोंबलेला. मालकाला विचारलं, कुठल्या वाड्याचा? "माहीत नाही मॅडम, लॉटमध्ये आला."

लॉटमध्ये. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं हेच झालं. लाकूडवाल्यानं तुळया घनफुटावर घेतल्या, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब नगावर. आत्या फक्त दारावरची गणपती कोरलेली गणेशपट्टी मागत होती. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजी, सगळं करारात गेलंय."

आणि याच शहरात जुन्या वस्तू जमवणारे दिनकर केळकर होऊन गेले! घरचं चष्म्याचं दुकान, पगारी संशोधक वगैरे नव्हेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी शुक्रवार पेठेत आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. मूळ जागेवरून हलवलं की अर्धा इतिहास जातो, असं जाणकार म्हणतात. असेल बुवा. पण कोथरूडात आज त्या जागी काय उरलं असतं, सांगा ना.

जुन्या गोव्यात सेंट कॅजेटन चर्चजवळ आदिलशाही राजवाड्याची नुसती चौकट उभी आहे. 1820 मध्ये राजवाडा पाडला, दगड पणजीच्या बांधकामांना गेले. उरले ते खांब, वरचा आडवा दगड आणि थोडी जाळी. पण ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. त्यावर कुणी सँडविच ठेवत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. इमारतीतून सुटा झालेला 100 वर्षांचा जुना भाग 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतो. तुम्हाआम्हाला तो परदेशी नेता येत नाही. पुण्यात मात्र त्यावर कोल्ड कॉफी सांडली तरी चालते!

हो, माहितीये, वाड्यात राहणं म्हणजे गळकं छप्पर आणि सामायिक संडास. लिफ्ट आत्यालाच सगळ्यात आधी हवी होती. वाडे पाडूच नका असं मी म्हणतच नाही. पाडायची परवानगी देताना कोरीव कामाचे फोटो आणि यादी घ्या, आणि कुणाला नको असलेलं ठेवायला पालिकेनं एक शेड काढावी. एवढंही जड आहे का?

त्या पट्टीवरच्या गणपतीची सोंड आत्याच्या लहानपणीच कुणाच्या तरी चेंडूनं तुटलेली. तेवढ्यावरून ती आजही ओळखेल. पण शोधायची कुठे? कॅफे-कॅफे फिरून?

तुमच्याकडे वाड्याचं काही असेल, साधा कोनाड्याचा दरवाजा का असेना, तर मागच्या बाजूला ऑइलपेंटनं पेठ, घर नंबर आणि घराण्याचं नाव लिहा. आणि फोटो इथे टाका, मी यादी करायला बसतेय.