शंभर कंपन्या आणि एक बादली गरम पाणी

एक मजकूर गेली काही वर्षं अधूनमधून फिरत फिरत येतो. शब्द बदलतात, सार तेच. जगातलं ७१ टक्के प्रदूषण फक्त १०० कंपन्या करतात. ‘कार्बन फूटप्रिंट’ (आपल्या वापरामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब) हे खूळ एका तेल कंपनीनं आपल्या डोक्यात भरवलं. कापडी पिशवी २०,००० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. चार्जर काढून ठेवल्यानं काही वाचत नाही. रिसायकलिंग थोतांड आहे. थोडक्यात, घरात काहीही करा, फरक शून्य; तेव्हा निवांत बसा.

परवा तो पुन्हा आला, एका जुन्या मित्राकडून, खाली ‘हे घे, तुझ्यासाठी’ अशी पुस्ती जोडून. मला डिवचायलाच पाठवला होता, म्हणून एकेक मुद्दा घेतो. आधीच सांगतो, यातलं निम्मं खरं आहे. पंचाईत तीच आहे.

पहिला ७१ टक्क्यांचा. हा आकडा सीडीपी या संस्थेच्या २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला. तो १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचा आहे, सगळ्या प्रदूषणाचा नव्हे. यादीतले १०० जण म्हणजे कोळसा, तेल आणि वायू जमिनीतून काढणारे उत्पादक. सर्वांत वर नोंद आहे ‘चीनचा कोळसा’, जी एक कंपनीच नव्हे. मग सौदी अराम्को, गॅझप्रॉम वगैरे. पहिल्या दहांत कोल इंडियाही आहे. खरी मेख पुढे आहे. या उत्पादकांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनातलं सुमारे ९० टक्के त्यांनी विकलेलं इंधन दुसऱ्यांनी जाळल्यामुळे होतं. मी गाडीची टाकी भरून घेतो, धूर माझ्या गाडीतून निघतो, आणि नोंद होते तेल कंपनीच्या खात्यावर. म्हणजे ७१ टक्के त्यांचे आणि उरलेले २९ आपले, अशी वाटणी मुळात होतच नाही. एकच धूर, दोन्ही टोकांनी मोजता येतो. कंपन्या यातून सुटल्या असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या खात्यावरचा आकडा दाखवून मी सुटलो, असंही होत नाही.

‘कार्बन फूटप्रिंट’बद्दल मात्र मजकूर लिहिणाऱ्याला बरेचसे गुण द्यायला हवेत. हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००० नंतरच्या जाहिरातींचा मोठा हात होता, आणि ज्यानं तेल विकायचं त्यानंच गिऱ्हाइकाला ‘तुझा धूर मोज’ म्हणायचं, हा निर्लज्जपणाच. पण माणसाच्या वापराचा ठसा मोजायची कल्पना त्यांची नव्हे. विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ मांडला होता. आणि वजनकाटा लबाडानं आणून दिला म्हणून आपलं वजन बदलत नाही.

आता पिशवी. हा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो इतक्या आत्मविश्वासानं सांगितला जातो. २०,००० चा आकडा डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासातला. तो सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा आहे. साध्या कापसाचा आकडा ७,१००. त्या अभ्यासात हवामान, पाणी, ओझोनचा थर असे बरेच निकष होते, आणि ज्या निकषावर पिशवी सगळ्यांत वाईट ठरली तिथला हा आकडा. एकट्या हवामानबदलाचा निकष धरला तर साध्या कापसाच्या पिशवीला ५२ वेळा पुरतात, सेंद्रियला १४९. ५२ वेळा म्हणजे आठवड्यातून एकदा, वर्षभर. शिवाय रस्त्यावर, नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब त्या अभ्यासानं धरलाच नव्हता.

म्हणून काय कापडी पिशव्यांचा ढीग करायचा? हे लिहिताना उठून स्वयंपाकघराच्या दारामागचा खिळा पाहिला. अकरा पिशव्या. त्यातल्या सात कुठल्या ना कुठल्या समारंभात फुकट मिळालेल्या, तीन तर घडीसुद्धा न मोडलेल्या. त्या तिघी प्लास्टिकपेक्षा वाईटच आहेत, हे मान्य करतो. ज्या पिशवीचे बंद दोनदा शिवून घेतलेत, ती एकटीच या हिशेबात पास होते. नवी ‘पर्यावरणपूरक’ वस्तू विकत घेणं आणि असलेली वस्तू झिजेपर्यंत वापरणं, यात गल्लत झाली की असे आकडे आपल्याला गप्प करतात.

चार्जरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फोन न लावता नुसता भिंतीत राहिलेला आजचा चांगला चार्जर साधारण ०.१ वॅट घेतो. वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. पण इथून ‘वीज वाचवून उपयोग नाही’ या निष्कर्षावर उडी कशी मारता येते? वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. वाया जाणारी उष्णता धरलेलीच नाही. तेवढ्या विजेवर तो बिचारा चार्जर जवळपास पाच महिने भिंतीत बसून राहील. एका बादलीत पाच महिने! अंघोळीच्या आधी तासभर गीझर चालू ठेवून, नंतर चार्जर काढला म्हणून समाधानानं झोपणारा माणूस मी स्वतः होतो. घरात वीज खाते ती उष्णता: पाणी तापवणं, खोली गार किंवा गरम करणं, कपडे यंत्रानं वाळवणं. कपडे गार पाण्यात धुतले आणि दोरीवर वाळवले, तर चार्जर जन्मभर लावून ठेवा.

रिसायकलिंगचं पटकन उरकतो. २०१५ पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचं रिसायकलिंग झालं होतं, हे खरं. प्लास्टिकच्या बाबतीत ते मुळात कमी घेणंच शहाणपणाचं. पण ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा बनवायला खाणीतून काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. दोन्हींना एकच ‘थोतांड’ कसं म्हणणार?

गंमत म्हणजे, सगळ्यांत सोपी गोष्ट या मजकुरात नाहीच: टाकलेलं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये घरं, दुकानं आणि खानावळी मिळून १०५ कोटी टन अन्न, साली-बिया धरून, वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतून. इथे कुठल्या शंभर कंपन्यांकडे बोट दाखवायचं? फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातला डबा कोणी ठेवला आणि कोणी विसरला, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ते अन्न कचरा डेपोत हवेविना कुजतं तेव्हा मिथेन होतो, आणि तोही हरितगृह वायूच. त्यावर उपाय अगदी कंटाळवाणे आहेत. आधीचं संपल्यावर नवं आणायचं, जुना डबा पुढे आणि नवा मागे. ‘बेस्ट बिफोर’ ही बहुधा चवीची आणि ताजेपणाची तारीख असते, त्या दिवशी पदार्थ विष होत नाही. ‘यूज बाय’ लिहिलेलं असेल तर मात्र ती पाळायची.

उरलं ‘फरक शून्य’. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी वायू ओझोनचा थर खाऊ शकतो. उद्योगानं खिल्ली उडवली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी बंदीची वाट न पाहता ते डबे घेणं कमी केलं, विक्री घसरली. १९७८ मध्ये तिथे बंदी आली आणि १९८७ मध्ये असे वायू जगभर कमी करण्याचा माँट्रियल करार झाला. नुसत्या गिऱ्हाइकांनी ओझोन वाचवला नाही, कायदा लागलाच. पण ज्या वस्तूला लोकांनी आधीच पाठ दाखवली होती, तिच्यावर बंदी घालणं सोपं गेलं. घरातली सवय आणि सरकारी नियम यांतलं एकच निवडा, असं हा मजकूर सांगतो. तशी अट कोणी घातली, कोण जाणे.

हे सगळं मित्राला लिहून पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं, ‘मग चार्जर राहू दे ना भिंतीत?’

राहू दे म्हटलं. गीझर तेवढा बंद कर.