‘तोफखाना’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

शहरांवर बॉम्ब टाकून लोकांचं मनोबल मोडत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली ‘तोफखाना’ या टोपणनावाआडून एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मी एकच बाजू मांडली, विमानविरोधी तोफांचा मुद्दा गाळला, १९४४ मधले जर्मन तेलकारखान्यांवरचे हल्ले विसरलो वगैरे वगैरे. आणि मग हे वाक्य: ‘ज्यांच्या डोक्यावर कधी बॉम्ब पडला नाही, अशा मुंबईकरांनी एसीत बसून प्रवचनं झोडू नयेत.’

तोफांचं मान्य. शहरं वाचवायला जर्मनीने हजारो तोफा आकाशाकडे तोंड करून उभ्या केल्या, त्या रशियाच्या आघाडीवर मिळाल्या नाहीत. लेखात एक ओळ वाढवतो. झालं समाधान?

आता प्रवचनाचं. साहेब, माझ्याकडे एसी नाही. माझी आजी मांडवीत राहायची. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी. पेटलेला कापूस वस्तीवर पडत होता आणि जो तो ओरडत होता, जपान्यांनी बॉम्ब टाकला! आजी माझ्या वडिलांचा हात धरून अंगावरच्या लुगड्यानिशी पळाली. आता तुम्ही म्हणाल, तो हल्ला नव्हता, अपघात होता. अहो, पळणाऱ्याला तेव्हा ते ठाऊक होतं का?

१९७१ च्या डिसेंबरात मी गिरगावच्या चाळीत शाळकरी पोर होतो. तावदानांना खळ लावून काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. भोंगा झाला की आजी आधी दागिन्यांचं गाठोडं कमरेला खोचायची, मग देवापुढची समई विझवायची. कुणाच्या फटीतून उजेड दिसला की खालून शिवीच यायची. भीती होतीच. पण सरकारने शरण जावं, असं गॅलरीत एकानेही म्हटलेलं मी ऐकलं नाही. सकाळी नळावर भांडणं नेहमीचीच.

इटलीच्या जनरल दूहे यांनी १९२१ मध्ये नेमकं उलट लिहून ठेवलं होतं: शहरांवर बॉम्ब पडले की जनताच उठेल आणि युद्ध थांबवायला लावेल. १९४० मध्ये लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपले आणि सकाळी कामावर गेले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आगीच्या वादळात हजारो माणसं गेली, तरी जर्मनी पुढे जवळपास दोन वर्षं लढली. आणि नेमबाजीचं म्हणाल, तर १९४१ मध्ये ब्रिटिशांनीच आपल्या विमानांतून रात्री काढलेले फोटो तपासले तेव्हा लक्ष्यावर बॉम्ब टाकले म्हणणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या ८ किलोमीटरच्या आत पोचली होती! कारखाना सापडेना म्हणून १९४२ पासून वस्त्याच लक्ष्य झाल्या.

शिवाय बॉम्ब आपल्याकडे पडलेच नाहीत, हे कुणी सांगितलं? ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकिनाडा, त्याच डिसेंबरात कलकत्ता. त्याच्याही आधी वायव्य सरहद्दीवरची पठाणांची गावं, तीही ब्रिटिश विमानांनीच. इतिहासाचं पुस्तक उघडायला डोक्यावर बॉम्ब पडावा लागत नाही.

राहता राहिलं तेल. १९४४ च्या मे महिन्यापासूनच्या हल्ल्यांनी जर्मन विमानांचं इंधन आटलं, खरं आहे. पण माझा लेख शहरांवर होता, रिफायनऱ्यांवर नव्हता. ज्यांना रिफायनऱ्या हव्यात त्यांनी स्वतः लिहावं, मी आनंदाने वाचेन.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन. तोफेमागे लपून वाद घालणाऱ्यांशी बोलायला मला वेळ नाही.