शिळी भाकरी कुणाच्या ताटात?

मागच्या ऑगस्टमध्ये माझं हिमोग्लोबिन 8.1 आलं. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी पाय भरून यायचे, केस हातात यायचे. वय चाळिशीच्या पुढं, त्यात पाळीचा त्रास, ऑफिस, घर... होतं असं, म्हणून मी अंगावर काढत होते. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लं?" मी भरभरून सांगायला लागले. सकाळी मोकळी भाजणी, डब्याला मटकीची उसळ, रात्री मेथी, ज्वारीची भाकरी, मुगाची खिचडी, ताक. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "हे घरात झालं ते. तुमच्या ताटात काय पडलं ते सांगा."

मी आठवायला लागले आणि गप्पच झाले. सकाळी चहा आणि आदल्या दिवशीची अर्धी पोळी, ओट्याशी उभ्यानं. डब्यात दोन शिळ्या पोळ्या आणि उसळीचा रस. मटकी नवऱ्याच्या आणि दोन्ही मुलांच्या डब्यात गेली होती, कढईच्या तळाशी राहिलं ते माझ्या डब्यात. रात्री खिचडी नेमकी चौघांना पुरली, म्हणून मी दुपारचा भात लोणच्याशी संपवला. मेथी सासूबाईंना आवडते. ती मी वाढून घेतलीच नव्हती.

पाच माणसांचा स्वयंपाक मी केला होता, आणि त्यातलं ताजं असं काही माझ्या पोटात गेलं नव्हतं. कुणी मला जेवू नको म्हटलं नव्हतं. घरात कसली ददात नाही. मी फक्त काही वाया जाऊ देत नव्हते.

ही पोस्ट काटकसरीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. माझा काटकसरीवर जीव आहे. माझं माहेर बार्शी तालुक्यातलं, कोरडवाहू शेतीचं. आमच्याकडं सुगीला ज्वारी पोत्यानं भरून ठेवायची, त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, लागेल तशी चार-चार किलो दळून आणायची, कारण पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. थंडीत हरभरा वीतभर वाढला की आई आणि चुलत्या शेंडे खुडायला जायच्या. खुडलं की रोपाला फांद्या जास्त फुटतात, घाटे जास्त धरतात, म्हणजे पीकही वाढतं आणि भाजीही मिळते. खुडताना पाल्यावरच्या आंबेनं बोटं आंबट व्हायची, आम्ही पोरं ती चाटायचो. थोडा पाला त्याच दिवशी शिजायचा, बाकीचा वाळवून डब्यात. मग एप्रिल-मेमध्ये बाजारात भाजी महाग झाली की मूठभर वाळका पाला, ठेचलेला लसूण, शेंगदाण्याचं कूट आणि ज्वारीच्या थोड्या कण्या. त्या भाजीला मी अजून तोड बघितलेली नाही.

आणि येसर. पुण्यात येसर म्हटलं की अजूनही लोक विचारतात, म्हणजे काय? गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजायची, धने, जिरं, सुकं खोबरं, लाल मिरची, मसाला, सगळं एकत्र दळून आणायचं. डबा भरला की कित्येक महिने चिंता नाही. घरात भाजी नसली, पाहुणे आले, तरी लसणाची फोडणी, पाणी, उकळी फुटताना पाण्यात कालवलेलं चार चमचे येसर, आणि पाच माणसांची दाट आमटी तयार. शेजारी भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनांच्या पावडरीचे भारी डबे विकत आणण्याआधी आपल्या घरातल्या या चटणीकडं एकदा नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारी-बाजरीचं कौतुक झालं, चांगलंच झालं. पण ज्यांच्या घरात ती भाकरी कधी थांबलीच नव्हती, त्या बायकांना भाकरीबरोबर काय मिळत होतं, हे त्या वर्षात फारसं कुणी विचारलं नाही.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची, रेशनवर मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीला ना चव होती ना चिकटपणा, असं आई सांगते. आजी सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून पोरांसाठी आणायची. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की तव्यावरची करपलेली चतकोर आणि भांड्यातली खरवड घेऊन चुलीशी बसायची. कुणी म्हटलं, "आई, तू पण घे की गं," तर म्हणायची, "मला काय हुतंय, खावा तुम्ही."

त्या वर्षी तिनं जे केलं त्यापुढं मी हात जोडते. चार पोरं जगवली तिनं. पण 73 ला पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, पुढं धाकट्या चुलत्यांना नोकरी लागली, घरात दूधदुभतं आलं. आजीचं शेवटी बसणं मात्र तसंच राहिलं. मग आई तशीच बसायला लागली. मग मी. दुष्काळ संपून पन्नास वर्षं झाली आणि मी पुण्यात गॅसच्या शेगडीपुढं उभी राहून खरवड खात होते.

आपण याला त्याग म्हणतो, संस्कार म्हणतो, कौतुकानं सांगतो की आमची आई कधी ताजं खायची नाही. मला आता ते कौतुक ऐकवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याची कारणं बरीच आहेत, पाळी आहे, बाळंतपणं आहेत, जंत आहेत, गरिबी तर आहेच. पण ज्या घरात डाळीचा डबा भरलेला आहे, पालेभाजी रोज येते, त्या घरातल्या बाईचं रक्त कमी का असावं? माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवशी दवाखान्यात मिळालं. माझ्या घरात मी जी बचत करत होते, त्यातली बरीचशी माझ्या ताटातून होत होती.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजपासून शिळं सगळ्यांनी खायचं." तिथून आमच्या घरातला स्वयंपाक बदलला. पदार्थ तेच आहेत, वाढण्याची रीत बदलली.

शिळी भाकरी आता "संपवायची" गोष्ट राहिली नाही, तिचा सगळ्यांसाठी नाश्ता होतो. आम्ही रात्री मुद्दाम चार भाकऱ्या जास्त करतो. सकाळी त्या बारीक कुस्करायच्या. कुस्करा कोरडा वाटला तर त्यावर ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवायचा, हे महत्त्वाचं, नाहीतर घशाला तोठरा बसतो. लोखंडी कढईत तेल, मोहरी, जिरं, भरपूर लसूण, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे लाल होईपर्यंत, मग हिरवी मिरची, दोन कांदे, हळद. कांदा मऊ झाला की कुस्करा, मीठ, चिमूटभर साखर. वर झाकण, त्यावर पाणी, मंद आचेवर एक सणसणीत वाफ. उतरवल्यावर कोथिंबीर आणि लिंबू. पाच बशा ओट्यावर ओळीनं मांडायच्या आणि पाचही एकाच वेळी भरायच्या. माझा मुलगा पूर्वी शिळ्या भाकरीकडं बघत नव्हता, आता रविवारी तोच कुस्करतो. तीच भाकरी मी एकटीनं चहात बुडवून खात होते तेव्हा ते शिळं होतं.

उसळ वाढताना आधी डाव तळापर्यंत घालून ढवळायची, मग वाटी भरायची, रस आणि मटकी सगळ्यांना सारखी. एवढीशी गोष्ट, पण माझ्या हाताला ती सवय लागायला महिना गेला. हात आपोआप माझ्या वाटीत रस ओतायचा. आमच्याकडं दोन वाट्या मटकी भिजते, मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते, पाच माणसांना दोन वेळ येते. सकाळी उसळ, रात्री उरलेल्या मटकीची मोकळी किंवा मिसळीसारखं काही. मोड आल्यानं त्यात क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते, म्हणून मोड काढायचा आळस करू नये. पालेभाजीवर लिंबू पिळायचं तेही त्यासाठीच. आणि जेवणावर लगेच चहा नको. हे मला डॉक्टरबाईंनी तीनदा सांगितलं, कारण जेवून उठल्या उठल्या चहा हा माझा वीस वर्षांचा नेम होता. चहानं जेवणातलं लोह कमी अंगी लागतं. आता किमान तासभर थांबते.

एक बाब मात्र कडक पाळते. काही वाया घालवायचं नाही म्हणजे काहीही पोटात ढकलायचं असं नाही. भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, निवला की लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवायचा. रात्रभर बाहेर राहिलेला भात पुन्हा कितीही गरम केला तरी त्यातला सगळा दोष जात नाही. वास बदललेली आमटी, तार सुटलेली भाजी कुणीच खायची नाही, मीही नाही. पूर्वी अशी भाजी मी "बघू, मला चालेल" म्हणून खायचे. मला का चालेल? माझं पोट वेगळं आहे का?

बाकी काटकसर जशीच्या तशी चालू आहे. दोडक्याच्या शिरा, तीळ, सुकं खोबरं यांची चटणी होते. फ्लॉवरचा कोवळा दांडा रश्श्यात जातो, मुळ्याचा पाला मुगाच्या डाळीत. डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की शिट्ट्या कमी लागतात. पुरणाच्या दिवशी कट फेकला जात नाही, कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. यातलं काहीच मी शोधलेलं नाही, तुमच्याही घरी होत असेल.

आणि कष्टाचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. घरचं स्वस्त पडतं असं आपण म्हणतो, तेव्हा भाजी निवडण्याचा, थापण्याचा, घासण्याचा वेळ हिशोबात धरत नाही. तो वेळ एकाच बाईचा असेल तर ती कधीतरी थकणार, आणि थकली की बाहेरून मागवणार, आणि मग तिलाच उधळी म्हणणार. माझ्या नवऱ्यानं दोन महिन्यांत भाकरी शिकून घेतली. पहिल्या आठवड्यात नकाशे झाले, आता टम्म फुगते. मुलगी मोडाच्या कडधान्याचं बघते. सासूबाई लसूण सोलून देतात, शेंगा फोडतात. सगळ्यात जास्त खळखळ त्यांनीच केली होती. "अगं, बायकांनी मागून बसायचं असतं," म्हणायच्या. मी भांडले नाही. पहिल्याच रात्री त्यांचं ताट नवऱ्याच्या शेजारी मांडलं आणि गरम भाकरी त्यांना आधी वाढली. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तव्यावरची पहिली भाकरी मी कधी खाल्ली नव्हती." त्या 74 वर्षांच्या आहेत.

फेब्रुवारीत माझं हिमोग्लोबिन 11.2 आलं. गोळ्या होत्याच, त्यांचं श्रेय त्यांना. जिना एका दमात चढते. मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा आई नेहमीसारखी तवा उतरवून, खरवड घेऊन बसायला निघाली. मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं. "अगं, वाया जाईल ते," म्हणाली. मी म्हटलं, "जाणार नाही, उद्या सगळ्यांना कण्यांत घालून देते." भाऊ उठला आणि त्यानं तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढली, वरची, फोडींसकट.