डाव्या बाहीचा निकाल

माझ्या जॅकेटची डावी बाही उजवीपेक्षा अर्धे बोट लांब आहे. ही गोष्ट मला, माझ्या शिलाई यंत्राला आणि परमेश्वराला ठाऊक होती आणि तिघांनीही ती पोटात ठेवली होती. काल सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती जाहीर झाली. जाहीर करणाऱ्या गृहस्थांच्या स्वतःच्या पायजम्याची नाडी त्या वेळी गुडघ्यापर्यंत लोंबत होती, हे मी आरंभीच नोंदवून ठेवते, कारण पुढे संतापाच्या भरात ते राहून जाण्याचा संभव आहे.

घरचे पडदे बदलले तेव्हा बरेच जाड कापड उरले होते. त्याचे मी चार रविवार खर्चून जॅकेट शिवले आणि कार्यालयातल्या बैठकीसाठी ते प्रथमच घालून निघाले. सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा आत नवव्या मजल्यावरचे अप्पा आणि परत पाठवायचे एक खोके छातीशी धरलेला कुरिअरचा मुलगा असे दोघे उभे होते. पूर्वपीठिका एवढीच.

अप्पा हे निवृत्त लेखापरीक्षक आहेत. हयातभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जी पोकळी जाणवते ती त्यांनाही जाणवत होती. अशातच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दोन महिने पलंगावर पडून राहणे आले, आणि आजोबांची करमणूक व्हावी म्हणून नातीने त्यांना टॅबवर फॅशनचे रिअॅलिटी शो लावून दिले. नातीचा हेतू चांगला असणार. परंतु त्याची फळे इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांना भोगावी लागत आहेत. अप्पांनी २००४ साली सुरू झालेला ‘प्रोजेक्ट रनवे’ पहिल्या भागापासून क्रमाने पाहिला, म्हणजे जुन्या खतावण्या तपासाव्यात तसा पाहिला. सूत्रसंचालिका हायडी क्लूम यांना ते ‘हायडीबाई’ म्हणतात, आणि स्पर्धकांच्या पाठीशी हनुवटीला बोट लावून उभे राहणाऱ्या टिम गन यांना ‘गनसाहेब’. गनसाहेबांविषयी त्यांच्या मनात जो आदर आहे तो स्वतःच्या खात्यातल्या कोणत्याही वरिष्ठाच्या वाट्याला आला नसावा.

आमच्या लिफ्टला तीन बाजूंनी आरसे आहेत. २००१ साली बीबीसीवर ‘व्हॉट नॉट टू वेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि दोन वर्षांनी त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली. आप्तेष्टांनीच गुपचूप नाव सुचवलेल्या एखाद्या बेसावध माणसाला त्यात चहूबाजूंनी आरसे असलेल्या खोलीत उभे करीत, आणि त्याच्या कपड्यांचे वाभाडे काढून झाल्यावर ते कपडे त्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकीत. अमेरिकेत निदान नव्या कपड्यांसाठी पाच हजार डॉलर तरी हातात ठेवत असत. आमच्या लिफ्टमध्ये ती सोय नाही.

“ताई, जरा वळा,” अप्पा म्हणाले.

मी वळले. या साऱ्या प्रकरणात मला स्वतःचा सर्वांत जास्त राग येतो तो याच गोष्टीचा. कोणी अधिकारवाणीने ‘वळा’ म्हटले की माणूस आपोआप वळतो, आणि एकदा वळला की त्याने परीक्षकाचा अधिकार मान्य केला असे होते.

“हे पडद्याचं कापड ना?”

“हो, उरलं होतं.”

“हरकत नाही. हायडीबाईंच्या पहिल्याच भागात त्या ऑस्टिनने मक्याच्या कणसाच्या पानांचा झगा केला होता आणि तोच पहिला आला. साहित्याचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे, की यातून तुम्हाला काय म्हणायचंय?”

“मला बैठकीला जायचंय.”

“ते तुम्ही म्हणताय. जॅकेट काय म्हणतंय?”

एवढ्यात लिफ्ट तळमजल्यावर पोचली. दार उघडले, आणि मी सुटले असे वाटून पाऊल उचलणार तोच अप्पांनी आपला सपाता घातलेला पाय दाराच्या खाचेत ठेवला. दार मिटत आले, सपातेला टेकले, ‘टिंग’ म्हणाले आणि पुन्हा उघडले. त्यानंतरचा सगळा निवाडा या टिंगटिंगाटात झाला. बाहेर बाबागाडी घेतलेल्या एक बाई आणि सायकल धरलेला एक मुलगा थांबले होते. दर सहा सेकंदांनी त्यांना मी दिसत होते, मग दिसेनाशी होत होते आणि मग पुन्हा दिसत होते.

“तुमचं काय मत?” अप्पांनी कुरिअरच्या मुलाला विचारले. पाहुणा परीक्षक असल्याशिवाय निकाल देणे त्यांना प्रशस्त वाटत नसावे.

“चांगलं आहे की.”

“चांगलं म्हणजे काय? कट चांगला, फिटिंग चांगलं, की फिनिशिंग चांगलं?”

मुलाने माझ्याकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे सांगितले, “गरम होत असेल.”

“हा मुद्दा आहे!” अप्पा म्हणाले. “परिधानयोग्यता! हे नीनाबाईसुद्धा असंच म्हणाल्या असत्या.” नीनाबाई म्हणजे नीना गार्सिया, ‘प्रोजेक्ट रनवे’च्या परीक्षक. त्या बाईंनी जन्मात माझे जॅकेट पाहिलेले नाही, आणि तरीही त्यांचे मत माझ्या विरुद्ध गेले.

मग अप्पांनी ते कृत्य केले. माझ्या दोन्ही बाह्यांची टोके चिमटीत धरून त्यांनी ती एकमेकांशेजारी आणली, आणि खिशातले बॉलपेन आडवे धरून, ताळेबंदातली तफावत दाखवावी तसे दाखवले. “अर्धं बोट,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तेव्हा जो निर्भेळ आनंद होता तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. तिन्ही आरशांत, आरशांतल्या आरशांत आणि त्यांच्याही पलीकडच्या हिरवट अंधारापर्यंत माझ्या असंख्य डाव्या बाह्या असंख्य उजव्या बाह्यांपेक्षा अर्धे बोट पुढे आलेल्या मला दिसल्या.

“तुम्ही शेवटच्या दोघांत आहात,” अप्पांनी जाहीर केले.

“दुसरं कोण?” मी विचारले. न विचारते तर बरे झाले असते.

अप्पांनी लिफ्टमध्ये पाहिले. उमेदवार एकच उरला होता. “हे,” ते म्हणाले.

खोके धरलेला मुलगा दचकून ताठ उभा राहिला. त्याच्या अंगावर त्याच्या कंपनीचा ढगळ शर्ट होता, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली आणि कॉलरचे एक टोक कायमचे आकाशाकडे वळलेले. अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, एक ‘टिंग’ होऊ दिली आणि म्हणाले, “फिटिंग नाही, पण प्रामाणिकपणा आहे. तुम्ही राहताय.” मग माझ्याकडे वळून, हायडीबाई ज्या जर्मन शब्दांनी स्पर्धकांना निरोप देतात ते शब्द त्यांनी उच्चारले. त्यांच्या तोंडून ते ‘आवफ विदर सेन’ असे, कोणा सेन आडनावाच्या गृहस्थांना हाक मारल्यासारखे बाहेर पडले. मग त्यांनी सपाता काढून घेतली.

“थँक्यू काका,” असे म्हणून तो मुलगा माझ्या आधी बाहेर पडला. अप्पांचे एक वेळ मी विसरेन, पण ते ‘थँक्यू’ मला रात्री झोपेतही ऐकू आले.

माझी तक्रार अप्पांपुरती नाही. बाही बसवणे म्हणजे काय असते हे या कार्यक्रमांचे शेकडो तास पाहूनही अप्पांना ठाऊक नाही, आणि तो दोष त्यांचा नव्हे. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा कापावा लागतो आणि ते जास्तीचे कापड एकही चुणी न दिसू देता त्या गोलात जिरवावे लागते. त्यासाठी आधी दोन ओळी सैल धावदोरा घालायचा, तो हलके ओढून कापड सारखे करायचे, टाचण्या लावायच्या, कच्ची शिलाई करायची, आणि मगच यंत्राची टीप मारायची. पडद्याचे कापड जाड असल्यामुळे ते जिरत नाही, उलट फुगून वर येते. मी डावी बाही तीनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवताना कापडाच्या कडेचे धागे सुटू लागले आणि चौथ्यांदा उसवण्याइतकी शिवण उरलीच नाही, म्हणून ती बाही तशी आहे. यातले काहीही पडद्यावर दिसत नाही. तिथे स्पर्धक कापडाकडे पाहून डोळे पुसतो, घड्याळाचा काटा सरकतो, कोणीतरी कोणाची तरी चुगली करतो, आणि पुढच्या दृश्यात पोशाख चालू लागतो.

२०२० साली हायडीबाई आणि गनसाहेब ‘मेकिंग द कट’ नावाचा नवा कार्यक्रम घेऊन आले. बक्षीस दहा लाख डॉलरचे होते. त्यात स्पर्धकांनी आराखडे आणि सूचना ठेवून झोपायला जावे आणि रात्रभरात शिवणकाम करणाऱ्या बायांनी ते कपडे पुरे करावेत अशी व्यवस्था होती. सकाळी उठून स्पर्धक आपल्या कपड्याकडे पाहत आणि बरे झाले की नाही ते सांगत. या बायांपैकी कोणाला ‘तुम्हाला यातून काय म्हणायचंय’ असे विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते हे मला ऐकायला आवडले असते.

निकालांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण अप्पा त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा मान देतात. ‘प्रोजेक्ट रनवे’च्या शेवटी बारीक अक्षरांत एक पाटी धावत असे. परीक्षकांनी निर्माते मंडळींशी विचारविनिमय करून निर्णय घेतले, आणि बाद करण्याच्या काही निर्णयांबाबत वाहिनीशीही चर्चा झाली, असा तिचा आशय होता. आयुष्यभर तळटिपा वाचूनच पोट भरलेल्या लेखापरीक्षकाने ही एकच तळटीप वाचू नये, याला काय म्हणावे? ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या २००३ सालच्या कार्यक्रमात सारे काही आपोआप घडते असे मीही समजत होते. २००६ साली त्याच्या कथानकावर काम करणाऱ्या बारा जणांनी लेखक संघटनेत घ्यावे म्हणून संप केला, तेव्हा या आपोआप घडण्याला बारा माणसे लागतात हे जगाला कळले. आणि ‘प्रोजेक्ट रनवे’च्या पहिल्याच विजेत्याने, जे मकॅरल याने, एक लाख डॉलरचे बक्षीस नाकारले होते, कारण करारानुसार त्याच्या पुढच्या व्यवसायात दहा टक्के वाटा सोडावा लागणार होता. अप्पांना हे मी एकदा सांगितले, तर ते म्हणाले, “पण फिनाले कलेक्शन अप्रतिम होतं.”

सर्वच कार्यक्रम असे नाहीत, हे न्यायाला धरून सांगते. बीबीसीच्या ‘द ग्रेट ब्रिटिश सुइंग बी’मध्ये घरी शिवणारी साधी माणसे येतात. २०१३ सालच्या पहिल्या पर्वात ऐंशी ओलांडलेल्या अॅन राउली जिंकल्या. तिथे चेन बसवताना कोणाचे काय चुकले हे जवळून दाखवतात, आणि बघणाऱ्यालाही चार गोष्टी कळतात. अप्पांनी तो दहा मिनिटे पाहिला आणि बंद केला. त्यांच्या मते त्यात नाट्य नाही.

एक गोष्ट मात्र मी अप्पांकडूनच शिकले. ‘प्रोजेक्ट रनवे’मध्ये परीक्षक सर्वांवर बोलत नाहीत. वरच्या काहींवर आणि खालच्या काहींवर बोलतात. मधल्यांना ‘तुम्ही सुरक्षित आहात’ एवढे सांगून आत पाठवतात, आणि त्यांनी रात्र जागून काय केले होते याबद्दल कोणी एक अक्षरही काढत नाही.

काल रात्री मी ती डावी बाही चौथ्यांदा उसवायला घेतली. शिवण उरलेली नाही हे ठाऊक असूनही घेतली. ती आता यंत्रावर वेगळी पडली आहे. त्यामुळे आज सकाळी मी दुकानातून आणलेले जुने राखाडी जॅकेट घालून निघाले. त्याच्या दोन्ही बाह्या एकसारख्या आहेत आणि त्या कोणी बसवल्या हे मला माहीत नाही. लिफ्ट उघडली, आत अप्पा होते. त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि दारावरचे मजल्यांचे उतरते आकडे वाचू लागले.