चढायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी हिमशिखरं

तुमच्याकडे भरपूर पैसा आहे, गुडघे अजून शाबूत आहेत आणि गर्दीचा तुम्हाला मनापासून तिटकारा आहे, असं धरून चालतो. यातलं एक जरी कमी असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. महाबळेश्वरला जाऊन या, स्ट्रॉबेरी खा. बाकीच्यांनी खुशाल हेली-स्कीइंगला निघावं.

खेळ समजायला सोपा आहे. हेलिकॉप्टर तुम्हाला निर्मनुष्य शिखरावर सोडतं. कोऱ्या, भुसभुशीत बर्फावरून तुम्ही स्कीवर घसरत खाली येता. खाली तेच हेलिकॉप्टर हजर असतं. बसायचं, की पुन्हा वर. पर्वतांना चढण नावाची जी खोड मुळातच आहे, ती इथे कायमची काढून टाकली आहे. स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून चार-चार तास घाम गाळत चढणारे आणि त्या बदल्यात एकदाच उतरणारे लोकही जगात आहेत. वरून जाताना त्यांना हात दाखवावा. ते उलटून काय दाखवतात, तिकडे लक्ष देऊ नये.

सुरुवात कॅनडापासून करा. १९६५ साली हान्स ग्मोझर या मूळ ऑस्ट्रियाच्या गाइडने ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू पर्वतात हा धंदा उभा केला. त्याआधी तेसुद्धा लोकांना पायीच चढवत असत. हेलिकॉप्टर आलं आणि हिशेबाची वहीच उलटी झाली. गिर्यारोहक किती चढलो ते सांगतो, इथे किती उतरलो ते मोजतात. दहा लाख फूट उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला खास स्की-सूट भेट देण्याची प्रथा तिथूनच पडली. दहा लाख फूट म्हणजे सुमारे चौतीस एव्हरेस्ट, तेही एकदाही न चढता. आठवड्याचा खर्च दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले सहा लाख आणि पुढे. विमानाचं तिकीट वेगळं. पण हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतातच. ज्यांनी म्हटलं त्यांना बिल आलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या दिवशी सकाळी तुमच्यापुढे एक कागद येईल. सही करा, वाचू नका. वाचलात तर कळेल की बर्फाचा कडा कोसळला, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात तुम्ही उलटे गेलात किंवा आयोजकांच्याच हलगर्जीपणामुळे काही झालं, तरी तुमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. सदनिकेच्या करारनाम्यावर वकिलाला तीन आठवडे बसवणारी माणसं हा कागद कॉफी पिता पिता निकालात काढतात. मग गळ्यात एक यंत्र अडकवतील. ते ४५७ किलोहर्ट्झवर सारखं बोलत राहतं. तुम्ही बर्फाखाली असलात की वरच्यांना कुठे खणायचं ते त्यावरून कळतं. खणणारे म्हणजे तुमच्याबरोबर आलेले इतर ग्राहक. दहा-पंधरा मिनिटांनंतर जिवंत सापडण्याची आशा झपाट्याने उतरते. त्यामुळे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर राजकारण काढून कुणाशी वाकडं घेऊ नका.

हेलिकॉप्टरमध्ये चढण्याउतरण्याचा विधी मात्र बघण्यासारखा असतो. सगळ्यांनी स्की आणि पिशव्यांचा ढीग करायचा, त्याला खेटून गुडघ्यांवर बसायचं आणि मान खाली घालायची. यंत्र येतं आणि हातभर अंतरावर टेकतं. पात्यांचा वारा कॉलरमधून, बाहीतून, नाकातून बर्फ आत कोंबतो. हातमोजा निसटला तर तो परत आपला नाही. स्की खांद्यावर घ्यायची नाही, कारण पाती तिथेच फिरत असतात. शेपटाच्या बाजूला तर फिरकायचंसुद्धा नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक असे एका ओळीत, एका पायलटसमोर, गुडघे टेकून मुकाट बसलेले दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. माझ्या मते पैसे तेवढ्यात वसूल होतात.

खरी मर्दुमकी गाजवायची असेल तर अलास्का गाठा. वाल्डीझजवळच्या थॉम्पसन खिंडीत १९९१ साली अतिअवघड स्कीइंगची जागतिक स्पर्धा भरली आणि चुगाच पर्वताचं नाव झालं. समुद्र जवळ असल्यामुळे तिथला बर्फ दमट असतो आणि इतरत्र जिथून तो केव्हाच गळून पडला असता, अशा उभ्या भिंतींनाही चिकटून राहतो. तुम्ही येईपर्यंत चिकटून राहील, एवढीच अपेक्षा. पण समुद्र जवळ म्हणजे ढगही आलेच. मळभ आलं की वरचा बर्फ आणि खालचा बर्फ यातला फरकच डोळ्यांना कळत नाही, पायलट उडत नाही आणि तुम्ही पत्ते खेळता. सलग तीन-तीन, चार-चार दिवस. जगातल्या सर्वांत महागड्या रमीचा अड्डा अलास्कात आहे, हे जाहिरातीत कुणी छापत नाही.

अलास्काचा विषय निघाला की पेत्र केलनर यांचं नाव टाळता येत नाही. चेक प्रजासत्ताकातला सर्वांत श्रीमंत माणूस, संपत्ती सुमारे १७ अब्ज डॉलर. मार्च २०२१ मध्ये क्निक हिमनदीजवळ त्यांचं हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. पाच जण गेले, एक वाचला. इथे थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवतो, कारण त्या पाचांत पायलट होता आणि गाइडही होते. त्यांच्यासाठी ती सुट्टी नव्हती, रोजची नोकरी होती. बुगाबूमध्येच मार्च १९९१ मध्ये एका हिमस्खलनात नऊ स्कीअर दगावले होते. चढण, रांग, गर्दी, थकवा सगळं पैसे भरून टाळता येतं. डोंगराने मात्र अजून दरपत्रक छापलेलं नाही.

असो. कायद्याचं तसं नाही, तिथे वाट निघते. फ्रान्सला १९८५ साली काय अवदसा आठवली कोण जाणे, मजेखातर माणसांना हेलिकॉप्टरने डोंगरावर सोडायला त्यांनी कायद्यानेच बंदी घातली. पण घाबरू नका. बंदी आधी फक्त सोडण्यावर होती. तुम्ही स्वतःहून कुठल्यातरी दरीत उतरलात आणि दमलात, तर तिथून उचलून आणायला हेलिकॉप्टर येऊ शकत असे. ती वाट राहू द्या. सकाळी सीमेपलीकडे इटलीत जा, तिथे कुर्मायरसारख्या गावांत हा खेळ राजरोस चालतो, आणि संध्याकाळी फ्रेंच हॉटेलात परत येऊन निसर्गरक्षणाबद्दल फ्रेंचांचं कौतुक करा. ऑस्ट्रियात अख्ख्या देशात मिळून दोनच उतरण्याच्या जागा उरल्या होत्या, दोन्ही लेख (Lech) नावाच्या गावाच्या आसपास. तिथे जाऊ नका, रांग असेल. हेलिकॉप्टरसाठी रांग लावायची तर मग दादरच्या पुलाने काय वाईट केलं होतं?

रात्रीची अडचण होत असेल तर आइसलँड. तिथल्या त्रोल्लास्कागी द्वीपकल्पावर मे-जूनमध्ये अंधारच पडत नाही, मध्यरात्रीही थेट समुद्राच्या दिशेने उतरता येतं. उन्हाळ्याची अडचण असेल तर न्यूझीलंड, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये थंडी असते. रशियातल्या कामचात्कात ज्वालामुखीच्या विवरात उतरता येतं आणि मी-८ नावाचं अवाढव्य रशियन हेलिकॉप्टर मिळतं. सध्या मात्र विम्याच्या आधी परराष्ट्र धोरण तपासा.

आणि देशाभिमान जागा झालाच तर मनाली आणि गुलमर्ग आहेत. हनुमान टिब्ब्याच्या परिसरात परदेशी स्कीअर कित्येक वर्षं हेलिकॉप्टरने उतरत आले आहेत. गुलमर्गला तर आपली मंडळी वर्षानुवर्षं जातातच. भाड्याचा जाड कोट, दोन नंबर मोठे गमबूट आणि लाकडी स्लेजवर बैठक. पुढे दोरी धरून एक काश्मिरी माणूस चढावर ओढतोय आणि मागे आपण 'भैया, थोडा धीरे' म्हणत फोटो काढतोय. तंत्र तेच, फक्त इंधन वेगळं. त्यामुळे मराठी माणसाला हा खेळ परका आहे, असं कुणी म्हणू नये.

राहिला बर्फाचा प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळकं गवत दिसत होतं आणि स्की भाड्याने देणारे हात चोळत बसले होते. या खेळातलं लहानसं हेलिकॉप्टरसुद्धा तासाला दीडशे लिटरच्या वर इंधन पितं आणि त्या धुराचं पुढे काय होतं, असले प्रश्न तुम्हाला कुणी विचारले तर त्यांच्या हातात मिलियन-फूट सूटचा फोटो ठेवा. शिवाय तोडगा निघालेला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये पिरेनीज पर्वतातल्या लुशों-सुपरबान्येर या फ्रेंच स्की-केंद्राने हेलिकॉप्टर लावून वरच्या उतारांवरचा सुमारे पन्नास टन बर्फ खाली, शिकाऊ मुलांच्या उतारावर आणून टाकला. फ्रान्सच्या पर्यावरणमंत्री चिडल्या. पण कायदा माणसांना वर सोडण्याबद्दल होता, बर्फाला खाली सोडण्याबद्दल नव्हता.

तेव्हा पुढच्या हंगामाचं बुकिंग करताना आगाऊ रक्कम भरण्याआधी एवढं विचारून घ्या की हेलिकॉप्टर तुम्हाला बर्फाकडे नेणार आहे की बर्फ तुमच्याकडे आणणार आहे. दुसरं असेल तर दर कमी करून मागा. जागा तुमची आहे.