ऑक्सिजन आले!

नाना पेठेतल्या, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेल्या तीन आठवड्यांपासून माझे नाव ‘ऑक्सिजन’ असे पडले आहे. मी पायरीवर पाय ठेवला की काउंटरवरचा पोरगा आतल्या बाजूला तोंड करून ‘ऑक्सिजन आले’ अशी वर्दी देतो आणि आत रचलेल्या खोक्यांच्या मागून कोणीतरी हसते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाला टोपणनाव मिळू नये, असे माझे मत आहे. त्या दिवशी दुकानात माझी बाजू मांडण्याची संधी मला कोणीही दिली नाही, म्हणून ती येथे मांडतो.

माझ्याकडे वडिलांची १९९७ सालची मारुती ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घेतो आणि गाडी जुनी असल्याबद्दल पर्यावरण करही मुकाट्याने भरतो. पर्यावरणाची एवढी काळजी असणाऱ्या सरकारने २०२५ पासून जवळपास प्रत्येक पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणले, आणि आमची गाडी कात्रजच्या चढावर तोतरी बोलू लागली. कारण साधे आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला, वजनाने मोजल्यास, १४.७ भाग हवा लागते. नुसत्या इथेनॉलला ९ भागच पुरते. आणि या वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे मात्र पितळेच्या तुकड्याला पाडलेले एक भोक. त्याला अर्थसंकल्पही कळत नाही आणि ऊसही कळत नाही. तो पूर्वी सोडत होता तेवढेच इंधन आजही सोडतो, आणि इंजिन अर्धपोटी राहते. आमच्या मेकॅनिकने ‘कचरा आला असेल’ असे निदान करून तीन वेळा कार्बोरेटर धुतला व तिन्ही वेळा पैसे घेतले. कचरा एकदाही दाखवला नाही.

तेव्हा मी ठरवले की इंजिन नेमके किती उपाशी आहे, हे आकड्यांत पाहायचे. त्यासाठी सायलेन्सरच्या नळीत बसवायचा ऑक्सिजन सेन्सर लागतो, आणि तोही वाइडबँड. साधा, अरुंद पट्ट्याचा सेन्सर आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. गाडी मागे घेताना तो ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि भिंतीला टेकल्यावर ‘बास’ म्हणतो. मधले अंतर किती, हे त्याच्या शब्दकोशात नाही. ०.४५ व्होल्टच्या वर गेला की पेट्रोल जास्त, खाली आला की कमी, एवढेच त्याचे बोलणे. वाइडबँड मात्र ‘अजून सव्वा फूट आहे, डावीकडे कुंडी आहे’ असे सांगतो. एवढे नीट बोलणारा वॉचमन जसा महाग, तसाच हा सेन्सरही.

माझी मूळ अट ‘परवडणारा’ अशी होती, आणि त्या एका शब्दाने माझ्या तीन महिन्यांच्या रात्री खाल्ल्या. सेन्सर एकटा घेऊन काहीच होत नाही, हे पहिल्या रात्री कळले. त्याला पाच तारा असतात, आत एक तापक असतो जो त्याला ७८० अंश सेल्सिअसला धरून ठेवतो, आणि त्याच्याशी संवाद साधायला स्वतंत्र कंट्रोलर लागतो. म्हणजे सेन्सर, कंट्रोलर, आकडा दाखवणारे मीटर आणि सायलेन्सरला वेल्ड करायचा १८ मिलिमीटरचा नट. शिवाय बॉश कंपनीच्या वाइडबँड सेन्सरचे जुने मॉडेल एलएसयू ४.२ घ्यावे की नवे ४.९, हा प्रश्न. जुन्याला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते. नवा आपली तुलना आतल्या आत तयार करतो, म्हणून चिखलापाण्याच्या आपल्या रस्त्यांवर ४.९ बरा, असे ठरले. काही कंट्रोलर असे असतात की सेन्सर अधूनमधून काढून मोकळ्या हवेत धरावा लागतो, म्हणजे ते स्वतःला जुळवून घेतात. स्वारगेटच्या चौकात सायंकाळी सात वाजता हा सेन्सर मोकळ्या हवेत धरला तर त्याला नेमके काय वाटेल, या विचाराने ते कंट्रोलर मी यादीतून काढून टाकले.

उरला सेन्सरच्या खरेपणाचा प्रश्न. काही महागड्या गाड्यांत हा सेन्सर कारखान्यातूनच बसवलेला येतो, म्हणून तो सुटा मिळतो. आणि सुटा मिळतो म्हणून नकलीही मिळतो. खोका सारखा, अक्षरे सारखी, किंमत मात्र एक तृतीयांश. ओळखण्याची एक खूण मी वाचली होती. खऱ्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये एक बारीक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, असतो आणि तो कारखान्यात प्रत्येक सेन्सरसाठी वेगळा जुळवलेला असतो, त्यामुळे दोन नगांचा आकडा सहसा तंतोतंत सारखा येत नाही. हे ज्ञान व एक मल्टिमीटर घेऊन एका शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता, म्हणजे त्या दुकानात मुंगीलाही शिरता येत नाही अशा वेळी, मी काउंटरवर उभा राहिलो आणि एकाच सेन्सरचे तीन खोके मागितले.

पहिला सेन्सर मोजला. ११० ओहम. दुसरा मोजला. ११०. तिसराही ११०. तिन्ही जुळी भावंडे, एकाच साच्यातून पडलेली. मी दुकानदाराकडे अर्थपूर्ण नजरेने पाहून म्हणालो, “तिन्ही सारखे आहेत.”

“मग!” तो अभिमानाने म्हणाला. “एक नंबर माल आहे साहेब. फरक सापडणार नाही.”

फरक सापडत नाही हाच तर पुरावा आहे, हे मी त्याला समजावून सांगू लागलो, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या उजव्या कोपराजवळून आवाज आला.

“काय हो, हे काय चाललंय?”

सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ हातात वायपरचे जुने रबर धरून उभे होते. ते रबर त्यांनी नमुना म्हणून आणले होते, आणि माझ्यामुळे ते वीस मिनिटे तिष्ठत होते, हे मी आजही मान्य करतो.

“सेन्सर तपासतोय,” मी म्हणालो.

“कसला?”

“ऑक्सिजनचा.”

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. “अरेरे. घरी कोण आजारी आहे?”

“घरी नाही हो. गाडीला लावायचाय.”

“गाडीला ऑक्सिजन लावायची वेळ आली?” त्यांनी वायपरचे रबर छातीशी धरले. “मग नातेवाइकांना कळवलंत का?”

दुकानात जे हसे पिकले त्यात क्लचकेबल मागायला आलेले दोन रिक्षावालेही सामील झाले. मी शांत राहिलो. मी त्यांना समजावून सांगितले की हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण कळते, आणि ते आकड्यांत दिसते. अशा माणसाला काहीही समजावून सांगू नये, हे मला त्या वेळी कळायला हवे होते.

“आकडा किती यायला पाहिजे?”

“साधारण १४.७.”

“अहो, मग काळजी कसली करताय?” ते दुकानदाराकडे वळले. “आमच्या हिचं हिमोग्लोबिन गेलं वर्षभर नऊच्या पुढे सरकत नाही. डॉक्टर म्हणतात, बारा झालं तरी पेढे वाटा. यांच्या गाडीचं १४.७! ठणठणीत आहे गाडी!”

“तसं नाही ते,” मी म्हणालो. “ते वाढलं की वाईट.”

“हिमोग्लोबिन वाढलं की वाईट?”

“हिमोग्लोबिन नाही! हवा! आकडा वाढला म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्याला लीन म्हणतात.”

“अशक्तपणाच तो,” गृहस्थांनी निर्णय दिला. “बीट द्या. आणि खजूर.”

येथे माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण तीन महिन्यांचा अभ्यास माणसाच्या गळ्याशी येतो, तो असा. गृहस्थांनी माझ्या आवाजाकडे दुर्लक्ष करून आता हिशेबाला हात घातला. ते कोणत्यातरी खात्यातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले होते. हे त्यांनी स्वतःहून आणि दोनदा सांगितले. गाडी कोणती, साल कोणते, आज विकायला काढली तर काय येईल, सेन्सर केवढ्याला, ते दुसरे यंत्र केवढ्याला, वेल्डिंगला किती, असे एकेक करून त्यांनी मला विचारले, आणि मीही, बँकेत खिडकीपुढे उभा असल्यासारखा, एकेक खरे उत्तर दिले. मग वायपरच्या रबराने काउंटरवर टकटक करून त्यांनी बेरीज जाहीर केली.

“म्हणजे गाडीच्या जवळजवळ निम्मे पैसे ती दमलीय का, हे विचारण्यात. दमली असेल तर औषधाचे वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं; पण यांनी अजून मसालाही घेतलेला नाही. कोंबडीला तिखट चालेल का, याची तपासणी करून घेतायत.”

दुकानदार डोळे पुसत होता. मी तिन्ही सेन्सर खोक्यांत भरून परत केले. मी निघताना गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून सांगितले, “लागलं तर आमच्याकडे ते बोटाला लावायचं यंत्र आहे. करोनातलं. सेल घातले की चालतं.”

मला राग कशाचा आला, हे मी नंतर पुष्कळ वेळ शोधत होतो. हिशेब त्यांचा बरोबर होता, हे एक. पण त्याहून मोठे कारण असे की कार्बोरेटर तीन वेळा धुऊन पैसे घेणाऱ्याला कोणी हिशेब विचारत नाही. ‘प्लग बिस्किटाच्या रंगाचा आला की सेटिंग झाले’ असे सांगून, कोणते बिस्किट हे न सांगणाऱ्याला कोणी हसत नाही. कान लावून, नाक लावून, आकाशाकडे पाहून निदान करणाऱ्याला आपल्याकडे ‘हात चांगला आहे’ म्हणतात. मोजणारा मात्र विनोदाचा विषय होतो. इंधन बदलले, ते मला पंपावरच्या कोणी विचारून बदलले नाही, जुने इंधन माफक दरात पाहिजे का असेही विचारले नाही. आणि त्याचा माझ्या इंजिनावर काय परिणाम झाला, हे पाहण्याचा खर्च मात्र माझा. पर्यावरण कराची पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर जेट बदलून मिळत नाही.

असो. अखेर कंट्रोलर, मीटर आणि सेन्सर असा पूर्ण संच, ज्यात सेन्सरचे मोकळ्या हवेतले लाड करावे लागत नाहीत असा, अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्याने बॅगेतून आणला. तो सुमारे दोनशे डॉलरचा आहे आणि त्याच्यापायी दोन किलो चॉकलेटे मागे राहिली, हे ताईने मला अजून माफ केलेले नाही. सायलेन्सरवाल्याने धड नळीला भोक पाडून मागणारे गिऱ्हाईक प्रथमच पाहिले. बाकी सगळे बुजवायला येतात, असे तो म्हणाला. नट मी नळीच्या वरच्या अंगाला, तिरका बसवून घेतला, कारण तापलेल्या सेन्सरवर सकाळचे साचलेले पाणी उडाले की आतली सिरॅमिक तडकते. सांध्याचे गॅस्केटही नवे घातले, कारण तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की आकडा खोटाच वाढतो. एवढे सगळे करून गेल्या रविवारी पहाटे, वाहतूक सुरू होण्यापूर्वी, मी कात्रजच्या दिशेने निघालो.

हे मीटर इंधन कोणते आहे ते पाहत नाही. जाळायला नेमकी पुरेशी हवा असली की ते १४.७ दाखवते. चौथ्या गिअरमध्ये, साठच्या वेगाने, सपाट रस्त्यावर आकडा स्थिर झाला. १६.१. म्हणजे हवा गरजेपेक्षा जवळजवळ दहा टक्के जास्त. मी गाडी कडेला घेतली आणि, खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. तीन महिने मी जे म्हणत होतो ते हिरव्या आकड्यांत समोर लुकलुकत होते. पाहायला शेजारच्या आसनावर कोणीही नव्हते.

एक माप मोठा जेट हवा होता. आज सकाळी तो घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेलो, कारण जुन्या कार्बोरेटरचे जेट आता फक्त तिथेच मिळतात. पोरग्याने वर्दी दिली. खोक्यांमागून हसू आले. दुकानदाराने जेटची पुडी बांधता बांधता सहज विचारले, “ते काका परवा येऊन गेले. चुकीचं रबर नेलं होतं, बदलायला आले होते. तुमची चौकशी करत होते. किती आलं शेवटी?”

“१६.१,” मी म्हणालो.

त्याने पुडी माझ्या हातात ठेवली. चेहरा अगदी मनापासून उजळलेला होता.

“वा! सांगतो त्यांना. बरं वाटेल.”