गरुडाची साल

टॅटू काढताना दुखतं का, हे सगळे विचारतात. नंतरचं कुणी विचारत नाही. सुई तासा-दोन तासांत थांबते, पुढचे दोन-तीन आठवडे मात्र आपला हात आपला राहत नाही.

टॅटूवाल्या पोराने निघताना सूचना दिल्या. सौम्य साबणाने धुवायचं, पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. बिनवासाचं लोशन, तेही अगदी पातळ. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही, पोहायचं नाही, उन्हात जायचं नाही. हे शेवटचं तो जळगावात, मे महिन्यात, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलला. इथे पारा 45 च्या पुढे जातो. ऊन टाळायचं तर तालुका नाही, अख्खा खान्देश सोडावा लागेल. बरं, ताज्या जखमेवर सनस्क्रीनही चालत नाही. मग काय, पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घातला आणि दिवसभर कूलरपुढे ठाण मांडलं.

त्यात लग्नसराई. आमच्याकडे नातेवाईक विचारपूस करतात ती दंड दाबून. हळदीच्या मांडवात मावशीने वाटीच पुढे केली, "लाव रे, लवकर भरून येईल." तिच्या मागे खोबरेल, कोरफड आणि तुरटी रांगेत उभ्या. मी हात पाठीमागे लपवून जेवलो. एका हाताने शेवभाजी-भाकरी खाऊन बघा, म्हणजे कळेल.

मोठ्या मायच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आहे, काळ्याचं आता हिरवट झालेलं. तिने माझी लोशनची ट्यूब हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. वास नाही म्हटल्यावर तिचा औषधावरचा विश्वासच उडाला. "आम्ही गोंदलं आन् दुसऱ्या दिवशी निंदायला गेलो," एवढं बोलून ट्यूब परत दिली.

आठवडाभरात खरी परीक्षा सुरू झाली. भाजलेल्या वांग्याची साल भरताआधी सुटते, तशी माझी कातडी सुटू लागली, आणि तीही रंगीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पैसे बेसिनमध्ये वाहून चालले असं वाटलं. पण शाई असते खालच्या थरात. तिथे शरीराच्या पेशी ती गिळतात आणि पचवता येत नाही म्हणून तशाच बसून राहतात. सुटते ती फक्त वरची कातडी. हे माहीत असलं तरी खाज कमी होत नाही. खाजवायला बंदी, थोपटायला परवानगी. त्यामुळे मी रात्री उठून स्वतःच्याच हाताला चापट्या मारतो. बायकोने आधी डासांची अगरबत्ती लावली, मग उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हा एक फायदा कुणी सांगितला नव्हता. गल्लीतले कार्यकर्ते यंदा मला न ओढता निघून गेले.

आता खपल्या गेल्यात. वर दुधी, चकचकीत कातडी आलीय आणि तिच्याखाली माझा गरुड धुक्यात बसलाय. आतून पूर्ण भरायला अजून महिने लागतात म्हणे. तोवर ज्याला जे दिसेल ते. काल दूधवाल्याने किटली खाली ठेवून, मान वाकडी करून नीट पाहिलं आणि विचारलं, "हाऊ पोपट कसाले काढा रे भाऊ?"